दहावी नोंद

१

मेन स्विच मी आधी बंद केला की नंतर, हे मला नक्की आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणंही खरं नाही. मला दोन्ही आठवतं. एका आठवणीत बायकोची हाक ऐकल्याबरोबर मी पॅसेजमध्ये धावतो, मेन स्विचचा दांडा खाली ओढतो आणि परत येतो. दुसऱ्या आठवणीत मी वही हातात आणि पेनाचं टोपण दातात धरून जागच्या जागी खिळलेला आहे, आणि व्हायचं ते होऊन गेल्यावर धावतो. दोन्ही आठवणींत फरशी ओली आहे. दोन्हींत माझी एक चप्पल उंबऱ्याशी राहिली आहे.

हॉस्पिटलात मी एका डॉक्टरांना पहिली हकिगत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना दुसरी. माझ्या मुलीने दोन्ही ऐकल्या. तिने माझ्या शर्टाचं चुकीचं लागलेलं बटण सोडवून नीट लावलं. तेव्हापासून घरात माझ्या हाती काडेपेटी देत नाहीत.

चाळीस वर्षं मी मुलांना यंत्रशास्त्र शिकवलं. पहिल्या तासाला सांगायचो, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. आता ब्याऐंशी वर्षांचा झाल्यावर तोच नियम स्वतःला लावतो आहे. जे मोजलं आणि त्याच वेळी लिहून ठेवलं, तेवढंच ठाम सांगेन. वही अजून माझ्याजवळ आहे. तीत नऊ नोंदी आहेत. दहाव्या ओळीपुढचा रकाना सहा वर्षं कोरा होता.

२

माझी बायको घड्याळं दुरुस्त करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं आणि त्यावर डोकं खुपसून ती दिवसाचे सहा-सात तास बसायची. मी गिअरवर पुस्तक लिहिलं होतं, त्याची एक प्रत तिने टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातली होती.

"तुम्ही फळ्यावर दातेरी चाकं काढता, मी चिमट्यात धरते," ती म्हणायची. "फरक एवढाच, की माझी फिरतात."

टेबलाच्या वर भिंतीवर एक जुनं विजेचं घड्याळ टांगलेलं होतं. ते विजेच्या लहरींवर चाले. वीज गेली की थांबे, आणि वीज परत आली तरी आपणहून सुरू होत नसे; मागची चकती बोटाने फिरवून द्यावी लागे. मी ते काढून टाकायचं म्हटलं की ती भडकायची. "हे एकच घड्याळ खरं बोलतं. चालत नसेल तर कधीपासून चालत नाही ते सांगतं. माणसं तरी सांगतात का?" रोज सकाळी दहाला ती मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून बघायची आणि किती सेकंदांचा फरक पडला ते छोट्या डायरीत टिपायची. मनगटी घड्याळ उजव्या हातात असे, कारण काम करताना डावं मनगट टेबलाच्या कडेला टेकलेलं असायचं. ते तिने स्वतः, पाणी शिरणार नाही असं बंदिस्त केलं होतं; कपडे धुतानाही काढत नसे.

तिची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्यामुळे घडलं. किंवा माझ्यामुळे. घड्याळात एक बारीक चाक सतत मागेपुढे डोलत असतं. त्याची तब्येत कशी आहे हे ती बोटाच्या टोकाने हलकेच थांबवून ओळखायची. हळूहळू ती सवय सगळ्याच फिरत्या वस्तूंना लागली. शिवणयंत्राचं चाक, मुलीची उलटी ठेवलेली सायकल, थांबत आलेला टेबलफॅन. फिरणारी वस्तू दिसली की तिचा हात तिकडे जायचाच. मूल दिसलं की काही लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, तसा.

३

कपडे धुण्याचं मशीन न्हाणीघराशेजारच्या अरुंद खोलीत होतं. वरून झाकण असलेलं, आपोआप चालणारं. अशा यंत्राची रचना साधी असते. खाली मोटर, मोटरवरून एक रबरी पट्टा मोठ्या पुलीकडे, पुलीवर गिअरबॉक्स आणि क्लच. धुताना क्लच सुटलेला असतो आणि ड्रमच्या तळातली चकती तेवढी उलटसुलट फिरते. पिळताना क्लच जुळतो आणि सगळा ड्रम मिनिटाला सातशे फेरे घेतो. झाकणाच्या कडेला एक छोटा स्विच असतो. झाकण उघडलं की तो मोटरची वीज तोडतो, आणि ब्रेकची पट्टी ड्रमला आवळून धरते.

हा स्विच बिघडला होता. झाकण बंद असतानाही मशीन मध्येच थांबायचं आणि ओल्या कपड्यांचा गोळा तसाच राहायचा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला आम्ही सोमवार म्हणायचो, कारण कधीही विचारलं तरी तो 'सोमवारी येतो' म्हणायचा. शेवटी मीच स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि वरून टेप गुंडाळली. तात्पुरतं म्हणून. पुढे आठ महिने ते तसंच राहिलं.

"आता झाकण उघडलं तरी मोटर चालूच राहील," मी बायकोला बजावलं. "ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही."

"कळलं, मास्तर."

"चेष्टा नाही."

"अहो, कळलं म्हटलं ना! लिहून घेऊ का वहीत?"

दोन महिन्यांत पट्टा जळाला. नवा टाकला, तोही सात आठवड्यांत गेला. तिसऱ्या वेळी खुद्द सोमवार आला (बुधवार होता) आणि त्याने पट्टा माझ्या नाकासमोर धरला. एका जागी रबर काचेसारखं चकचकीत झालं होतं आणि करपल्याचा वास येत होता.

"सर, हा घसरून जळलाय. मोटर ओढतेय आणि वर ड्रम अडकून बसतोय."

त्याने ड्रमला हाताने झोका दिला. ड्रम फिरत राहिला, सुरेख, बिनआवाजी. सोमवारने डोकं खाजवलं.

"अडकत तर नाही कुठे."

बायको दारात चहा घेऊन उभी होती. "पट्ट्यांच्या घसरण्यावर पीएचडी केलीय यांनी," ती त्याला म्हणाली. "आणि घरातला एक पट्टा टिकत नाही."

ते खरं होतं. माझा प्रबंध त्याच विषयावरचा होता. म्हणूनच मी हट्टाला पेटलो असावा.

४

दुसऱ्या दिवशी मी मशीनमागे स्टूल टाकून बसलो. मागचा पत्रा काढला होता. पुलीवर खडूने एक रेघ ओढली होती आणि ड्रमच्या काठावर दुसरी. दोन्ही एकाच गतीने फिरायला हव्यात. पट्टा कधी घसरतो ते मला बघायचं होतं.

कपडे पिळायला सुरुवात झाली. रेघांची दोन पांढरी वर्तुळं झाली. मोटरचा सूर चढत जाऊन एका पट्टीत स्थिर झाला. अजून पाच मिनिटं तरी तसंच चालायचं होतं. बायको आत आली, मी मागे बसलोय हे बहुधा तिच्या लक्षात आलं नाही, आणि तिने झाकण उचललं.

मोटर चालूच होती. पट्टा किंचाळला. मागच्या बाजूने मला पुलीवरची रेघ दिसली. स्पष्ट, खडूचे कण मोजता येतील इतकी स्थिर.

मी उठून उभा राहिलो. ड्रम थांबला होता. बायकोचा उजवा हात त्याच्या आतल्या भिंतीवर, पाच बोटं पसरून टेकलेला होता. खाली पट्टा मोटरच्या पुलीवर घासत ओरडत होता आणि ती दुसऱ्या हाताने टॉवेल काढत होती.

"हात काढ!" मी ओरडलो.

ती दचकली, हात काढला, आणि मी बटण दाबून मशीन बंद केलं.

"तुला सांगितलं होतं!"

"काय सांगितलं होतं? थांबतंय की ते."

"ते थांबू शकत नाही. मी स्विच बाद केलाय."

"मग पुन्हा नीट नाही का केलात?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं तुम्हीच नीट केलंत. किती दिवस झाले, मी हात लावला की थांबतं."

५

त्याच दुपारी मी त्या दोन तारा सोडवून स्विच मूळ जागी जोडायला हवा होता. दहा मिनिटांचं काम. नसता चालला तर मशीन बंद ठेवायचं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी वही उघडली.

आधी मी स्वतः करून पाहिलं. झाकण उघडून ड्रमच्या काठाला लांब लाकडी चमचा टेकवला. चमचा हातातून उडाला, ड्रम फिरतच राहिला. मोटर बंद केली तेव्हा तो आपणहून थांबायला अठ्ठावन्न सेकंद लागले. मग बायकोला बोलावलं. तिने नुसता हात लावला आणि ड्रम थांबला. तिच्याच स्टॉपवॉचवर मी वेळ मोजली: एक सेकंद आणि सहा दशांश.

जो यंत्रशास्त्र शिकलेला नाही त्याला यात काय भयंकर आहे ते सांगायला हवं. सात-आठ किलो ओले कपडे घेऊन मिनिटाला सातशे फेरे घेणारी पोलादी टाकी दीड सेकंदात थांबवली, तर तो धक्का कुठेतरी जायलाच हवा. बोल्ट तुटायला हवेत. मशीन फरशीवरून चालत दारापर्यंत यायला हवं. निदान त्या हाताचा खांदा निखळायला हवा. मी मशीनवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. ड्रम थांबला तेव्हा पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही.

"तुला हाताला काय जाणवतं?" मी विचारलं.

"काही नाही. घड्याळातलं चाक थांबतं तसं."

"जोर?"

"अहो, जोर कसला? ते आपणहून थांबतं. तुमच्यासारखं नाही, एका शब्दात ऐकतं."

तिला गंमत वाटत होती. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होती. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी माझ्याकडे एक प्रश्न आला होता ज्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एक दिवसाआड धुणं असायचं. एक दिवसाआड नोंद. आठवडाभरात चार नोंदी झाल्या. मला दहा हव्या होत्या. दहा असल्या की सरासरी काढायला बरं पडतं. माझ्या बायकोचा उजवा हात, ज्याच्यावर तिचं सगळं काम, सगळा मान उभा होता, तो मी मोजमापाचं साधन म्हणून वापरत होतो. ओळ ओळ वाचली की आता ते दिसतं. तेव्हा फक्त आकडे दिसत होते.

पहिली नोंद एक पूर्णांक सहा. दुसरी एक पूर्णांक चार. तिसरी एक पूर्णांक दोन. मग एक. आकडे पट्टीने ओढल्यासारखे सरळ खाली येत होते.

धक्का कुठे जातो, हा प्रश्न मात्र मला झोपू देईना. आदळत नव्हता, तापत नव्हता, तुटत नव्हता. उरतो तो एकच पर्याय, मी वर्गात शंभरदा सांगितलेला: साठतो. किल्ली देताना स्प्रिंगेत साठतो तसा. पण त्या यंत्रात तेवढी स्प्रिंग नव्हती. मी तो विचार वहीत लिहिला आणि खोडला. खोडलेलं अजून वाचता येतं.

६

आठव्या नोंदीच्या दिवशी मी टॉर्च घेऊन बसलो. त्या वेळी ड्रम दोन दशांश सेकंदात थांबला. मी वरून वाकून पाहिलं.

ड्रमच्या भिंतीला सगळीकडे भोकं असतात, पाणी बाहेर जायला. त्या भिंतीपलीकडे बाहेरची टाकी. दोहोंमध्ये दोन बोटांची फट, आणि तिथे पाण्याशिवाय काही नसतं. टॉर्च मी पलीकडच्या बाजूने फटीत सोडला होता, त्यामुळे सगळी भोकं उजळली होती. पोलादावर बारीक पांढरे ठिपके. फक्त बायकोच्या बोटांच्या टोकांभोवतीची भोकं काळी होती. पाच काळे डाग.

सावली, मी म्हटलं. अर्थात सावली.

पण उजेड बाहेरून आत येत होता आणि तिचा हात आतल्या बाजूला होता. आतल्या हाताची सावली बाहेरच्या फटीत कशी पडेल?

"जरा बोटं सरकव," मी म्हणालो. "दोन भोकं डावीकडे."

तिने सरकवली. काळे डागही सरकले. एकदम नाही. अर्ध्या क्षणाने. दुसऱ्याने पाऊल टाकल्यावर आपण टाकतो, तसे.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"काही नाही. सावली आहे."

त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही. वहीत 'आठवी: ०.२' एवढंच आहे. शेजारी समासात एक शब्द आहे, 'पाच', आणि त्याखाली दोन रेघा.

नवव्या वेळी तिने हात आत नेला आणि बोटं भिंतीला टेकायच्या आधीच ड्रम थांबून राहिला होता. आकडा शून्य.

"बघा, वाटच बघत होतं," ती म्हणाली. पण हसली नाही. हात बाहेर घेऊन तिने पदराला नव्हे, माझ्या शर्टाला पुसला आणि म्हणाली, "पुरे झालं आता. स्विच नीट करून टाका."

"एकच राहिलीय," मी म्हणालो. "दहावी झाली की लगेच करतो."

तिने ओला टॉवेल उचलून बादलीत टाकला. मग म्हणाली, "बरं. तुमची हौस होऊ दे एकदाची."

७

त्या दिवशी दोन चादरी होत्या. अकरा वाजून गेले होते. पुढच्या खोलीत तिच्या टेबलावर एक गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडं पडलं होतं आणि ती मला 'लवकर आटपा' म्हणत होती. मी वहीत दहाचा आकडा घातला. पट्टा किंचाळला. ड्रम थांबला. तिने हात घातला, बोटं टेकवली, आणि डाव्या हाताने चादरीचं टोक ओढलं.

"झालं?"

"झालं. काढ हात."

तिने काढला नाही.

"अहो," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सोडत नाहीये."

इथे माझ्या दोन आठवणींच्या वाटा फुटतात. एकीत मी उभा आहे. दुसरीत मी धावतो. मेन स्विचचा दांडा जड आहे, दोन्ही हातांनी ओढतो, धप्प असा आवाज होतो आणि घरातले सगळे आवाज एकदम पडतात. मोटर, पट्टा, स्वयंपाकघरातला फ्रीज. इतकी शांतता, की नळातून गळणारा थेंब ऐकू येतो. ही धावण्याची आठवण मी खरी मानायची की नाही, हा माझा सहा वर्षांचा प्रश्न होता. कारण ती खरी असेल तर पुढचं सगळं त्या शांततेत घडलं.

मी परत आलो. "आता ओढ."

"ओढतेय. पकडलंय."

"काय?"

"हात."

मी साबणाचं पाणी ओतलं. तिचं मनगट धरून ओढलं. चादर तिच्या हातावर पडली होती आणि मला वाटलं तीच गुंडाळली गेली असेल. मी चादरीचं टोक उचलून पाहिलं. चादर सैल होती. खाली तिचा हात होता, पाच बोटं पसरलेली, पोलादाला चिकटून; आणि त्या हातावर काहीही नव्हतं. नखं पांढरी पडली होती. आपण कुणाच्या तळव्याला तळवा लावून जोराने दाबतो तेव्हा पडतात तशी. मध्ये फक्त एक पातळ पत्रा.

"थंड नाहीये हो," बायको म्हणाली. तिचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "कोमट आहे."

"बोलू नकोस. ओढ."

"तुम्ही घाबरू नका."

मग ड्रम फिरू लागला. मोटर नाही, पट्टा नाही, कसलाच आवाज नाही. फक्त ओल्या चादरी घसटल्याचा. सावकाश, पण थांबवता येणार नाही असा. आणि उलटा. पिळताना ड्रम ज्या दिशेला फिरतो तिच्या बरोबर विरुद्ध. मी दोन्ही हातांनी काठ धरला. त्याच्याबरोबर माझे हातही सरकत गेले, मी अडवलंच नाही जणू. माझी दखलही घेतली गेली नाही.

त्याने एकच फेरा घेतला. पुरता एकही नाही.

तिची किंकाळी मी लिहीत नाही. घड्याळाची काच तडकल्याचा आवाज मात्र मी ऐकला, बारीक, साखरेचा खडा दाताखाली फुटावा तसा.

८

शेजारची बाई धावत आली तेव्हा बायको फरशीवर होती, हात मोकळा होता, आणि मेन स्विच बंद होता. शेजारणीने तसं सगळ्यांना सांगितलं. तो कधी बंद केला हे तिला माहीत असणं शक्य नव्हतं.

मनगट पिळून मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ओल्या चादरीच्या फासात हात अडकला की असंच होतं. त्यांनी अशा दोन केस पाहिल्या होत्या. सोमवार आला आणि त्याने टेप गुंडाळलेल्या तारा माझ्या मुलीला दाखवल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मशीन त्याने उघडून पाहिलं, गिअरबॉक्स, क्लच, सगळं ठीक होतं. मग मुलीने ते भंगारात घालायला लावलं.

मी मुलीला शांततेची गोष्ट सांगितली. तिने माझा हात हातात घेतला.

"बाबा, वीज नसताना मोटर फिरते का?"

"नाही."

"हे मला कुणी शिकवलं?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"तुम्ही घाबरून उभे राहिलात. कुणीही राहिलं असतं. मन नंतर क्रम बदलतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

आम्ही हॉस्पिटलातून थेट तिच्या घरी राहायला गेलो. जुन्या घराला कुलूप लागलं, मेन स्विच होता तसाच खाली राहिला. बायकोची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. तिने घड्याळाला हात लावला नाही. मुलीकडे नव्या धाटणीचं मशीन आहे, पुढून दार असलेलं. त्यात पट्टाच नाही, मोटर थेट ड्रमला जोडलेली, आणि दार आपोआप कुलूपबंद होतं. ते चालू असताना बायको गच्चीवर जाऊन बसते.

तिने मला एकदाही दोष दिला नाही. एकदाच, दोन वर्षांनी, भाजी निवडता निवडता डाव्या हाताने एक शेंग सोलत ती म्हणाली, "तुम्ही लगेच बंद केलं होतंत. मला दिसलं होतं."

मला वाटलं, बायको आहे, धीर देतेय. मी तिचा हात थोपटला आणि तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

९

गेल्या वर्षी ते घर रिकामं करायचं ठरलं. मी आणि मुलगी गेलो. ती स्वयंपाकघरातली भांडी खोक्यात भरत होती. मी पुढच्या खोलीत गेलो. टेबलावर धूळ होती, धुळीत ते उघडं घड्याळ होतं, टेबलाच्या पायाखाली माझं पुस्तक होतं. मी मान वर केली.

विजेचं घड्याळ थांबलेलं होतं. त्याला सुरू करायला त्या खोलीत कुणी आलंच नव्हतं.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. किती वेळ, माहीत नाही. मग खणातून तिची डायरी काढली. शेवटची नोंद त्याच दिवसाची, तिच्या टोकदार अक्षरात: 'दहा वाजता. फरक शून्य.' म्हणजे त्या सकाळी दोन्ही घड्याळं चालू होती आणि सेकंदापर्यंत जुळलेली होती. भिंतीवरचं पुढे विजेबरोबरच थांबलं. वीज मी घालवली असो की वरूनच गेली असो, फरक पडत नाही. त्या घरात त्यानंतर वीज नव्हती.

मनगटावरचं घड्याळ हॉस्पिटलच्या पाकिटात होतं. इतक्या वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. ते मी तिच्या गुरुबंधूकडे नेलं. दोघं एकाच कारागिराकडे शिकले. तो अजून दुकानात बसतो, डोळ्याला भिंग लावून, आणि माझ्या बायकोला ताई म्हणतो. त्याने झाकण उघडलं आणि घड्याळ दिव्याखाली धरलं.

"ताईचं काम," तो म्हणाला. "काच तडकूनही पाण्याचा एक थेंब आत गेलेला नाही."

"काय तुटलंय?"

"डोलत्या चाकाचा आस. दोन्ही टोकांना."

"तो तुटल्यावर घड्याळ किती वेळ चालू राहील? दोन-चार मिनिटं?"

त्याने भिंग वर केलं. "भाऊजी, मान मोडल्यावर माणूस किती पावलं चालतो?"

"काटे नंतर हलले असतील का? कुणी हाताळताना?"

"किल्ली ओढल्याशिवाय काटे हलत नाहीत. आणि किल्ली आत दबून वाकलीय, ती कुणालाच ओढता यायची नाही." त्याने घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "जिथे तुटलं तिथेच थांबलंय. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

मी लिहून मागितलं नाही. मुलीलाही अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या मते तिचा बाप त्या दिवशी घाबरून खिळला होता, आणि तेवढ्यावर तिला झोप लागते. मलाही लागायची.

संध्याकाळी बायको गच्चीवर होती. मी तिच्याशेजारी बसून वही उघडली आणि दहावा रकाना भरला.

भिंतीवरचं घड्याळ थांबलं: अकरा वाजून सोळा मिनिटं.

मनगटावरचं थांबलं: अकरा वाजून वीस मिनिटं.